बाटलीला सगळं आठवतं!

परतवाड्याहून धारणीकडे जाताना वाटेत सिपना नदीकाठी सेमाडोह लागतं. चहूकडे मेळघाटचं जंगल. सागाची झाडं आणि मधूनमधून बांबूची बेटं. इथला बांबू म्हणजे मानवेल. बहुतेक बांबू आतून पोकळ असतात, हा पठ्ठ्या मात्र जवळजवळ भरीव! म्हणून तर लाठ्या याच्याच करतात. आता अशी एक वाळलेली काठी घ्या आणि वाकवून तिचा खुर्चीचा गोल हात करून दाखवा बरं. लावा जोर. कडाड्! गेली ना बाप्पा काठी?

आणि तरीही बांबूच्या गोल हातांच्या खुर्च्या असतातच. याच रस्त्याने पुढे धारणी तालुक्यात लवादा नावाचं गाव आहे. तिथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथे बांबूच्या राख्यांपासून थेट घरापर्यंत काय काय बनतं! मग ही न वाकणारी काठी वाकते कशी?

कारागीर ती विस्तवावर धरतात. नुसती धरून ठेवत नाहीत हं, सारखी फिरवत राहतात, नाहीतर एकाच जागी करपते. थोड्या वेळाने सालीवर घाम फुटावा तसं तेलकट काहीतरी चमकायला लागतं. ते फडक्याने पुसायचं, पुन्हा शेकायचं. मग काठी हळूहळू 'ऐकायला' लागते. ती साच्यावर दाबून वाकवायची, वरून ओलं फडकं फिरवायचं आणि गार होईपर्यंत मुळीच सोडायची नाही. शिवाय हवी त्याहून थोडी जास्तच वाकवायची, कारण सोडल्यावर ती जराशी परत उलगडते.

बांबूत चिवट तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. तापलं की हे लिग्निन मऊ पडतं. बांबू सुका असेल तर त्याला दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवावं लागतं, ओल असेल तर शंभरच्या आसपासही भागतं. म्हणजे आग बांबूला आकार देत नाही, ती फक्त पकड ढिली करते. आकार देतो हात, आणि तो टिकवतो गारवा.

नेमकं हेच प्लास्टिकचं! दुकानाच्या पाट्या करणारे अ‍ॅक्रिलिकचा पत्रा तापलेल्या तारेवर धरतात. जिथे तार, तिथेच पत्रा मऊ होतो आणि बरोब्बर त्याच रेषेवर काटकोनात दुमडता येतो. पूर्ण पत्र्याला खोलगट आकार द्यायचा असेल, तर तो दीडशे-एकशे साठ अंशांपर्यंत तापवतात. प्लास्टिकमध्ये रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. सुक्या शेवया वाकवल्या की तुटतात, शिजल्या की एकमेकींवरून घसरतात, तसंच काहीसं या साखळ्यांचं होतं.

पण घरातलं सगळंच प्लास्टिक असं ऐकत नाही. कुकरची काळी मूठ बघा. रोज गरम होते, पण वाकली आहे का कधी? ती बहुधा बेकेलाइटची असते. लिओ बेकलंड यांनी ते 1907 साली शोधलं. त्यातल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे घसरायला वावच नाही. फार तापवलं तर ती करपेल, पण मऊ काही व्हायची नाही.

आता खरी जादू. घरातल्या मोठ्या माणसाला हाताशी घ्या, कारण गरम पाणी त्यांनीच ओतायचं. पाण्याची रिकामी, पातळ, पारदर्शक बाटली घ्या. झाकण काढून ती स्टीलच्या बादलीत उभी करा. तिच्या अंगावर जवळजवळ उकळतं पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही दोन पावलं लांबून बघा. (प्लास्टिक विस्तवावर कधीच धरायचं नाही. पीव्हीसीच्या पाइपचा धूर तर विषारीच असतो.)

बाटली आकसते! अंग सुरकुततं, उंची कमी होते, पोट आत जातं. ती वितळली का? छे! वितळायला अडीचशेच्या आसपास अंश लागतात, आपलं पाणी शंभरचं. ही बाटली पीईटी प्लास्टिकची आहे. ते सत्तर-ऐंशी अंशांनाच मऊ पडतं, आणि मऊ पडलं की बाटलीला तिचं बालपण आठवतं.

कारखान्यात बाटली आधी परीक्षानळीएवढी ठेंगणी, जाड नळी असते. तिला प्रीफॉर्म म्हणतात. ती तापवून, आत सळई घालून ताणतात आणि जोरात हवा भरून थंड साच्याच्या भिंतींपर्यंत फुगवतात. साच्याला टेकताच ती गार होते. साखळ्यांना खरं तर गुंडाळून बसायचं असतं, पण बिचाऱ्या ताणलेल्या अवस्थेतच अडकून पडतात. तुम्ही गरम पाणी ओतलं आणि त्यांना मोकळं केलं. निघाल्या त्या परत!

आता गार झालेली बाटली हातात घ्या आणि तिचं तोंड नीट बघा. तिथले आटे फार तर जरासे वाकडे झाले असतील, पण अंगासारखे आकसलेले नाहीत. कारण तोंड कुणी ताणलंच नव्हतं. प्रीफॉर्मलाही अगदी हेच आटे, एवढेच असतात. तळाच्या मधला जाड ठिपकाही फारसा बदललेला नसतो, तोही कमीच ताणला गेलेला. मग सर्वांत जास्त सुरकुत्या कुठे पडल्या? जिथे सर्वांत जास्त ताण होता तिथे. तुमच्या बाटलीवर ती जागा शोधा. आणि हीच बाटली पुन्हा तेवढ्याच गरम पाण्यात घातली तर? करून बघा. या वेळी ती फारशी हलणार नाही. का, ते आता तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा.