अपंग विद्यार्थ्यांचें घरगुती स्वावलंबन

लातूर व नांदेड हीं आज विद्यार्थ्यांचीं शहरें म्हणून ओळखलीं जातात. परीक्षेचा ‘लातूर पॅटर्न’ सर्वांच्या तोंडीं आहे. नांदेडास १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. अंध वा अपंग विद्यार्थ्यास परीक्षेंत लेखनिक व जादा वेळ मिळतो, हेंही बऱ्याच पालकांस ठाऊक असतें. परंतु परीक्षेचे तीन तास सोडले तर उरलेल्या दिवसाचें काय? तो मुलगा स्नान कसें करितो, जेवतो कसा, भावंडें खेळत असतां काय करितो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तोच प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. आई भरविते, काकू वेणी घालते, आजोबा वर्तमानपत्र वाचून दाखवितात. ही माया थोर खरी. परंतु तिच्यामुळें मुलाच्या हातास काम उरत नाहीं, आणि पुढें वसतिगृहांत राहण्याचा प्रसंग आला कीं शिक्षणच अडतें.

साधनें म्हणजे मोठा खर्च, हा समजही बरोबर नाहीं. अशक्त हातास बारीक दांड्याचा चमचा धरवत नाहीं. त्याच दांड्यावर कापड गुंडाळलें अथवा सायकलच्या मुठीचें रबर चढविलें कीं तो धरतां येतो. ताट उंच कांठाचें असलें तर घांस कांठाशीं टेकवून उचलतां येतो, व खालीं ओलें फडकें घातलें म्हणजे तें सरकत नाहीं. एका हातानें भाकरी मोडणें कठीण. ती आधींच आमटींत कुस्करून वाढावी, म्हणजे पुढें मुलगा आपला आपण जेवतो. स्नानाचेंही तसेंच. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. अशा प्रदेशांत पाणी सांठवूनच ठेवावें लागतें. भरलेली बादली ज्यास उचलवत नाहीं, त्याच्यासाठीं बसल्या हातास लागेल अशी तोटीची टांकी, एक स्टूल आणि भिंतीस पक्की दांडी, एवढें पुरे.

साधन आपल्या राहणीस जुळणारें मात्र हवें. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटांत घालण्याजोगा असे. त्यानें अनवाणी चालणें वा मांडी घालून पंक्तीस बसणें साधत नसे. ही अडचण ओळखून १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं ‘जयपूर फूट’ घडविला.

खेळ व करमणूक यांस चैन समजूं नये. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळीं घरें किंचित् उंच असतात, मोहरीं बसविण्यास प्रत्येक घरास भोंक असतें, आणि काळ्या मोहऱ्यांवर हातास लागणारी खूण असते. त्याच पटावर डोळस भावंडही खेळूं शकतें. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू आंतल्या छऱ्यांमुळें खुळखुळतो. २०१२ सालीं बंगळूर येथें वीस षटकांचें पहिलें जागतिक अजिंक्यपद भारताच्या अंध संघानेंच मिळविलें. आतां तर मोबाइल मराठी मजकूर वाचून दाखवितो. कादंबरीसाठीं आजोबांच्या सवडीची वाट पाहणें उरलें नाहीं.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. गरजूंस साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासूनची आहे. तथापि मिळालेली कुबडी कपाटामागें पडून राहते, कारण मुलास उचलून नेणें घरच्यांस सोपें वाटतें.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं कोणतेंही साधन आणण्यापूर्वीं ज्याच्यासाठीं आणावयाचें त्या मुलासच प्रथम विचारावें, आणि आणल्यावर त्यास वेळ द्यावा. पहिले कांहीं दिवस घांस सांडेल, पाणी सांडेल, जेवणास दुप्पट वेळ लागेल. घरच्या वडील मंडळींनीं तेवढा धीर धरला, तर तो मुलगा उद्यां परगांवीं शिकावयास निघतांना कोणास सोबत येण्याची गळ घालणार नाहीं.