एका उडीपलीकडची लिंडसे जेकोबेलिस

लिंडसे जेकोबेलिस हे नाव ज्यांच्या कानावर आलंय, त्यांतल्या बहुतेकांनी तिला पडतानाच पाहिलेलं असतं. इटलीतल्या बार्दोनेकियाचा बर्फाळ उतार, तारीख 17 फेब्रुवारी 2006, ट्युरिन ऑलिंपिकमधली महिलांच्या स्नोबोर्ड क्रॉसची अंतिम फेरी. वीस वर्षांची ही अमेरिकन मुलगी सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे. शेवटून दुसऱ्या उडीवर, हवेत असताना ती हात खाली नेते, बोर्डची टाचेकडची कड पकडते, अंगाला किंचित पीळ देते आणि बर्फावर उतरताना आपटते. ती उठेउठेपर्यंत स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन बाजूने निघून जाते.

हातातोंडाशी आलेला घास कसा घालवावा, याचं उदाहरण म्हणून ही काही सेकंदांची चित्रफीत जगभर फिरली. प्रशिक्षकांनी ती मुलांना दाखवली, व्याख्यात्यांनी भाषणात वापरली. ती खोटी नाही. पण तिच्या आधारे लिंडसेबद्दल जे जे बोललं जातं, त्यातलं बरंच खोटं किंवा अर्धवट आहे.

गैरसमज : मिरवण्याच्या नादात ती पदकाला मुकली.

ती पदकाला मुकली नाही. पडली, उठली आणि दुसरी आली. ट्युरिनचं रौप्यपदक तिच्याच नावावर आहे. इतकी मोठी चूक करूनही दुसरा क्रमांक कसा मिळाला, हे समजायला ती शर्यत सुरुवातीपासून पाहावी लागते. अंतिम फेरीत चौघी होत्या. कॅनडाची मेल रिकर जोरात पडली, तिला हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. कॅनडाचीच डॉमिनिक माल्टे मार्गाबाहेर गेली आणि सावरून बऱ्याच मागून आली. तिला कांस्य मिळालं. म्हणजे लिंडसेच्या मागे उभी राहिलेली एकटी फ्रीडेनच होती. दोघींमध्ये सुमारे तीन सेकंदांचं अंतर होतं आणि या खेळात तीन सेकंद म्हणजे फार झाले. फ्रीडेनला सुवर्ण फुकटात मिळालं असंही अनेक जण म्हणतात. तेही चुकीचं आहे. ज्या उतारावर बाकी तिघी पडल्या किंवा भरकटल्या, तिथे ती तोल राखून शेवटपर्यंत आली. या खेळात जिंकणं ते हेच.

आता त्या पकडीबद्दल. शर्यतीनंतर लिंडसेने आधी सांगितलं की तोल सांभाळण्यासाठी बोर्ड पकडला. उडीत बोर्ड पकडल्याने शरीर आटोपशीर राहतं हे खरं, त्यामुळे हे कारण अगदीच हवेतलं नव्हतं. पण नंतर तिनेच मान्य केलं की आपण मजेत होतो आणि तो आनंद प्रेक्षकांपर्यंत पोहोचवायचा होता. मला हा कबुलीजबाब महत्त्वाचा वाटतो. चूक होती, तिची स्वतःची होती आणि ती तिने नाकारली नाही. पण तिला गर्विष्ठ ठरवण्याआधी ती कुठल्या परंपरेतून आली हे पाहायला हवं. या पकडीला ‘मेथड’ म्हणतात, आणि ती स्नोबोर्डच्या जुन्या ठेवणीतली आहे. जेक बर्टन कारपेंटरने 1977 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यात बोर्ड बनवायला सुरुवात केली, तेव्हा स्कीवाले स्नोबोर्डवाल्या मुलांना उतारावर पायही ठेवू देत नसत. व्हरमॉन्टमधलंच स्ट्रॅटन हे ज्या मोठ्या ठिकाणांनी त्यांना सर्वात आधी दारं उघडली त्यांतलं एक. ते 1983 साल होतं. कनेटिकटमध्ये वाढलेली लिंडसे याच स्ट्रॅटनच्या क्रीडाशाळेत घडली. तिथे वेगाइतकीच ऐटदार उडीलाही दाद मिळते. घड्याळ आणि पदक हे ऑलिंपिकने नंतर आणलेले मापदंड आहेत. स्नोबोर्ड तिथे पोहोचला तोच 1998 मध्ये, नागानोला. स्नोबोर्ड क्रॉस तर त्या दिवशी पहिल्यांदाच महिला ऑलिंपिकमध्ये खेळत होत्या.

गैरसमज : त्या पडण्याने तिची कारकीर्द संपली.

यावर फार बोलायची गरज नाही, नोंदी पुरेशा आहेत. वैयक्तिक स्नोबोर्ड क्रॉसमध्ये ती पाच वेळा विश्वविजेती झाली : 2005, 2007, 2011, 2015 आणि 2017. यातलं एकच विजेतेपद ट्युरिनच्या आधीचं आहे. एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत तिची दहा सुवर्णं आहेत, त्यातली सात ट्युरिननंतरची. 2008 ते 2011 सलग चार आणि 2014 ते 2016 सलग तीन. या दोन मालिकांच्या मधल्या खिंडारात तिच्या गुडघ्याचा एसीएल लिगामेंट फाटला होता. 2012 च्या सुरुवातीला झालेल्या त्या दुखापतीने तिला दीर्घकाळ स्पर्धेबाहेर ठेवलं. एवढ्या लांब काळात या प्रकारात तिच्याइतकं सातत्य दाखवलेली दुसरी महिला मला सांगता येणार नाही.

गैरसमज : जगभर जिंकायची, पण ऑलिंपिक आलं की दडपणाने गळपटायची.

हा गैरसमज सर्वात चिवट आहे, कारण वरवर पाहता त्याला पुरावे आहेत. 2010 मध्ये व्हँकुव्हरला ती पाचवी आली. 2014 मध्ये सोचीला सातवी. 2018 मध्ये प्योंगचांगला चौथी. चार वर्षांनी एकदा आपण टीव्ही लावतो, ती हरते, आणि आपण निदान करून मोकळे होतो.

पण स्नोबोर्ड क्रॉस चालतो कसा ते पाहा. पात्रता फेरी घड्याळावर होते. त्यानंतर घड्याळाला अर्थ उरत नाही. कधी चार, कधी सहा खेळाडू एकाच वेळी फाटकातून सुटतात, अरुंद उतारावर वळणं, बर्फाचे उंचवटे आणि उड्या एकमेकींना खेटून पार करतात. जेवढ्या जणी असतील त्यांतल्या निम्म्या पुढच्या फेरीत, बाकीच्या घरी. पुढच्या खेळाडूच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो आणि मागची वेगाने वर येते, त्यामुळे आघाडीसुद्धा पूर्ण सुरक्षित नसते. मुद्दाम धक्का दिला तर बाद, पण चुकून झालेला स्पर्श चालतो. शेजारची घसरली तर ती तुम्हालाही घेऊन पडू शकते. दिवसभरात अशा अनेक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत एकच संधी.

आता तिच्या तीन ऑलिंपिककडे पुन्हा बघू. व्हँकुव्हरच्या उपांत्य फेरीत एका उडीनंतर तिचा तोल गेला, शेजारच्या स्पर्धकाशी टक्कर टाळताना ती मार्गखुणेच्या बाहेर गेली आणि बाद ठरली. त्या वेळी सुवर्ण जिंकलं मेल रिकरने, जिला चार वर्षांपूर्वी ट्युरिनमध्ये हेलिकॉप्टरने न्यावं लागलं होतं. सोचीला उपांत्य फेरीत लिंडसे सर्वात पुढे असतानाच पडली. प्योंगचांगला अंतिम फेरीत कांस्यपदक तिच्या हातून निसटलं ते 0.003 सेकंदाने. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सोचीची चूक तिचीच होती, ती मी झाकणार नाही. पण 0.003 सेकंदाच्या फरकाला मनाचा दुबळेपणा म्हणता येत नाही. बाकी वर्षांत ती याच जीवघेण्या गर्दीतून जिंकत होती. चार वर्षांतून एक दिवस निवडून माणसाची पारख करायची हा नियम आपला आहे, खेळाचा नव्हे.

गैरसमज : 2022 च्या सुवर्णाने तिने 2006 चा डाग धुतला.

9 फेब्रुवारी 2022. बीजिंग ऑलिंपिक, झांगजियाकोचा उतार. वय 36. लिंडसे फाटकातून सुटली ती पुढेच राहिली. फ्रान्सची क्लोए त्रेस्पेश दुसरी आली, कॅनडाची मेरिएटा ओडाइन तिसरी. त्या बीजिंग ऑलिंपिकमधलं अमेरिकेचं ते पहिलं सुवर्ण होतं, आणि तोवर कोणा अमेरिकन महिलेने इतक्या वयात हिवाळी ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मथळ्यांमध्ये ‘परतफेड’ आणि ‘प्रायश्चित्त’ असेच शब्द होते. लिंडसेने मात्र हे तेव्हाच नाकारलं. आपण परतफेडीचा विचार करत नव्हतो, स्पर्धा करायला आलो होतो, असं तिचं म्हणणं होतं. ट्युरिनच्या त्या दिवसाने आपल्याला घडवलं, असंही ती म्हणाली. मला तिचं म्हणणं पटतं. प्रायश्चित्त पापाचं असतं. वीस वर्षांच्या मुलीने आनंदाच्या भरात केलेली चूक पाप कशी? आणि मधली सोळा वर्षं ती सुवर्णाची वाट बघत बसली होती असं मानलं, तर विश्वविजेतेपदांपासून गुडघ्यावरच्या उपचारांपर्यंत सगळंच मातीमोल होतं. पुढे 2023 मध्ये तिने ‘अनफर्गिव्हिंग’ नावाचं आत्मकथन लिहिलं, त्यातही त्या पडण्याला तिने जागा दिली आहे.

बीजिंगमध्येच, त्या सुवर्णानंतर तीन दिवसांनी, 12 फेब्रुवारीला, मिश्र सांघिक स्नोबोर्ड क्रॉस झाला. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आला होता. यात आधी पुरुष उतरतात आणि ते ज्या अंतराने पोहोचतील त्याच अंतराने त्यांच्या सहकारी महिलांची फाटकं उघडतात. लिंडसेचा जोडीदार होता 40 वर्षांचा निक बॉमगार्टनर. वैयक्तिक शर्यतीत तो उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला होता आणि कॅमेऱ्यासमोर रडला होता. अंतिम फेरीत त्याने लिंडसेसाठी निसटती आघाडी मिळवली आणि तिने इटलीच्या मिकेला मॉयोलीला मागे ठेवून शर्यत संपवली. मॉयोली म्हणजे प्योंगचांगची सुवर्णविजेती.

बार्दोनेकियाची चित्रफीत पुन्हा कधी समोर आली, तर तिच्याच जोडीला ही शर्यतही शोधून पाहा, आणि घरातल्या मुलांनाही दाखवा.