चार भिंतींआड हरवणारी ‘रेंज’

तळमजल्यावर राहणारे एक सेवानिवृत्त शिक्षक विजेचे देयक भरण्यासाठी संगणकापुढे बसतात. सर्व तपशील भरून होतो, पडद्यावर ओटीपी मागितला जातो. परंतु फोन मुकाच राहतो. ते उठून सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात, तेव्हा कोठे संदेश येतो. परत येऊन आकडे भरेपर्यंत त्याची मुदत उलटलेली असते. दोन-तीन वेळा असे झाल्यावर त्यांना एक युक्ती सुचते : फोन फाटकावरील रखवालदाराच्या हाती द्यावा आणि येतील ते आकडे त्याने खिडकीपाशी येऊन मोठ्याने सांगावेत!

युक्ती सोपी खरी. परंतु तिने तिजोरीची किल्ली फाटकावर टांगली जाते. रेंज नाही म्हणून फोन परक्याच्या हाती देणे, ओटीपी ओरडून सांगणे अथवा शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या खात्याला जोडणे, हे तिन्ही प्रकार खात्याच्या सुरक्षिततेस घातक आहेत. वास्तविक घरातील क्षीण रेंजचे कारण पुष्कळदा घराच्या बांधणीतच असते आणि त्यावरील उपाय अल्पखर्चाचे, किंबहुना विनाखर्चाचे असतात.

भिंती काय करतात?

मोबाइल फोन हा मुळात एक छोटासा रेडिओच आहे. मनोऱ्यावरून निघालेल्या रेडिओलहरी घरात शिरताना प्रत्येक अडथळ्यापाशी त्यांची शक्ती घटते. लाकूड किंवा साधी काच त्यांना फारशी अडवीत नाही. जाड दगडी भिंत आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट मात्र पुष्कळ अडवितात. पत्र्याचे छप्पर आणि लिफ्टची पोलादी पेटी तर लहरींना परतवूनच लावतात. नव्या इमारतींत उन्हाची धग रोखण्यासाठी ज्या काचा बसवितात, त्यांपैकी अनेकांवर धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. तो उष्णतेबरोबर रेंजही अडवितो. त्यामुळे जुन्या चाळीत खणखणीत वाजणारा फोन नव्या कोऱ्या सदनिकेत अबोल होतो.

लहरींची वारंवारताही तितकीच महत्त्वाची आहे. भारतातील मोबाइल सेवा ७०० मेगाहर्ट्झपासून ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतच्या निरनिराळ्या पट्ट्यांत चालते. खालच्या पट्ट्यांतील लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून तुलनेने सहज पार होतात. वरच्या पट्ट्यांत माहिती वेगाने वाहते. पण त्या लहरी भिंतीपाशी लवकर थकतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात सुरू झालेल्या फाइव्ह-जी सेवेचा मोठा भाग ३५०० मेगाहर्ट्झच्या परिसरातील आहे. म्हणूनच गच्चीवर सुसाट धावणारी फाइव्ह-जी आतल्या खोलीत लंगडते.

आधी मोजमाप, मग उपाय

पडद्यावरील रेंजच्या दांड्या हा काही नेमका हिशेब नव्हे. किती शक्तीला किती दांड्या दाखवाव्यात, हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरविते. खरा आकडा डीबीएम या एककात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधील ‘अबाऊट फोन’ या विभागात, सिमच्या माहितीखाली तो दिसतो. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितकी रेंज चांगली. फोर-जी सेवेत साधारणतः उणे ९० किंवा त्याहून चांगला आकडा समाधानकारक, तर उणे ११० च्या पलीकडील क्षीण समजावा. आकडा दहाने घसरला की शक्ती एक दशांश होते, हेही ध्यानात असावे.

कागद-पेन्सिल घेऊन घरातील प्रत्येक खोलीत, खिडकीपाशी आणि शेवटी इमारतीबाहेर मिनिटभर थांबून हा आकडा टिपावा. बाहेर रेंज चांगली आणि आत वाईट असेल, तर अडचण घराची आहे. बाहेरही वाईटच असेल, तर ती कंपनीच्या जाळ्याची आहे. दोहोंवरील उपाय भिन्न असल्याने हा निवाडा प्रथम व्हावयास हवा.

विनाखर्चाचे उपाय

१. घरातील सर्वांत चांगला आकडा जेथे मिळाला, ती फोनची हक्काची जागा ठरवावी. बहुधा ती एखादी खिडकी असते. बँकेचे व्यवहार करावयाचे असल्यास संगणक किंवा लॅपटॉपही तेथेच न्यावा.

२. पोलादी कपाट व फ्रिज यांच्या आडोशाला फोन ठेवू नये. फोनचे वेष्टन धातूचे असल्यास काढून पाहावे.

३. फोन दूरच्या मनोऱ्याला चिकटून राहिला असल्याची शंका आल्यास ‘फ्लाइट मोड’ दहा-पंधरा सेकंद चालू करून बंद करावा. फोन नव्याने मनोरा शोधतो.

४. आतल्या खोलीत फाइव्ह-जी सतत ये-जा करीत असेल, तर सेटिंग्जमध्ये फोर-जी निवडावे आणि व्होल्टे सुविधा चालू असल्याची खात्री करावी.

रेंज क्षीण असताना मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. बॅटरी लवकर उतरते आणि फोन तापतो, त्याचे हेही एक कारण होय.

वाय-फाय कॉलिंग

घरी ब्रॉडबँड असल्यास सर्वांत परिणामकारक उपाय हाच. या सुविधेत फोन मनोऱ्याऐवजी घरच्या वाय-फायमार्फत कंपनीच्या जाळ्याशी जोडला जातो; मग भिंतीचा प्रश्नच उरत नाही. भारतात मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर २०१९ पासून ही सेवा देण्यास प्रारंभ केला. फोनमध्ये सोय असल्यास सिमच्या सेटिंग्जमध्ये ती चालू करता येते. बहुतेक फोनवर एसएमएसही याच मार्गाने येतात. तरी कुटुंबीयांकडून एखादा संदेश मागवून आधी पडताळणी करावी. वाय-फायला सशक्त पासवर्ड असावा आणि वीज गेल्यावरही सेवा टिकावी म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. बँकेच्या ॲपची पहिली नोंदणी करताना मात्र फोनमधून एक एसएमएस आपोआप बाहेर जातो; ती नोंदणी चांगल्या रेंजच्या जागीच उरकावी.

बूस्टरचा मोह टाळावा

बाजारात ‘सिग्नल बूस्टर’ नावाची यंत्रे मिळतात. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतरांनी असे यंत्र बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे, असे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. कारण तांत्रिकही आहे. असे यंत्र लहरींबरोबर गोंगाटही वाढविते आणि तो मनोऱ्यापर्यंत पोहोचला की आसपासच्या सर्वांचेच फोन बिघडतात. एका घराच्या सोयीपोटी शेजारच्या घरातून रुग्णवाहिकेला लावलेला फोन तुटू शकतो. मोठ्या संकुलांनी इमारतीच्या आत ॲंटेना बसविण्याची मागणी थेट कंपनीकडेच करावी.

बाहेरही रेंज नसेल तर

प्रथम आपल्या कंपनीच्या ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्यानेही काम न झाल्यास कंपनी बदलावी. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून उपलब्ध आहे आणि क्रमांक कायम राहत असल्याने बँकेतील नोंद बदलावी लागत नाही. तत्पूर्वी घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या फोनवरून कोणत्या कंपनीची रेंज आपल्या घरात पोहोचते, हे अवश्य पाहून घ्यावे.

रेंज अचानक गेली तर

नेहमीची क्षीण रेंज आणि अचानक नाहीशी झालेली रेंज यांत फरक करावा. मोकळ्या जागेतही फोन ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागला आणि त्याच कंपनीचे इतरांचे फोन चालू असतील, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून कंपनीशी व बँकेशी तत्काळ संपर्क साधावा. पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या शिक्षकांच्या घरीही उपाय दूर नाही. टेबल खिडकीपाशी सरकविले आणि वाय-फाय कॉलिंग चालू केले, तर ओटीपी बसल्या जागी येईल. रखवालदाराने फाटक सांभाळावे. खात्याची किल्ली मात्र खातेदाराच्याच हाती राहावी, हे उत्तम.