घोड्याचा सांभाळ आणि वांटेकरीण

घोडा बाळगणें म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें पागा, तबेला आणि हातांत खरारा घेतलेला मोतद्दार उभा राहतो. घोडा मालकाचा आणि त्याची लीद मोतद्दाराची, अशी ही जुनी विभागणी. मुंबई-पुण्याच्या घोडेस्वारीच्या क्लबांतून ती बहुतांशीं अजून टिकून आहे. इंग्लंडमध्यें मात्र चित्र निराळें दिसतें. तेथें शाळेंतील शिक्षिका, इस्पितळांतील परिचारिका, कचेरींत काम करणारी बाई अशा मध्यम स्थितींतल्या पुष्कळ स्त्रिया स्वतःचा एखादा घोडा बाळगतात आणि त्याचें सारें स्वतःच्या हातानें करतात. गांवाबाहेरच्या एखाद्या शेतकऱ्याकडे तबेल्यांतील एक खण आणि कुरणाचा तुकडा भाड्यानें घ्यावयाचा, सकाळीं कामावर जाण्यापूर्वीं एक खेप, संध्याकाळीं परततांना दुसरी, असा बाराही महिने त्यांचा क्रम असतो. भाड्याच्या या व्यवस्थेला तिकडे ‘लिव्हरी’ म्हणतात. तिचे प्रकार अनेक आहेत आणि जींत सगळें काम मालकिणीनेंच करावयाचें ती अर्थातच सर्वांत स्वस्त.

अशा बाईला दिवस गेले म्हणजे घरांत आनंद होतो आणि तबेल्यांत प्रश्न उभा राहतो. पुढील वर्षभर या जनावराचें कोण पाहणार? घोडा विकून टाकावा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु दहा वर्षें रोज सकाळीं जो आपल्या पावलांच्या आवाजानें खिंकाळला त्याला विकणें तिच्या जिवावर येतें. अशा वेळीं योजण्याचा एक उपाय म्हणजे सांभाळांत वांटेकरीण घेणें. त्याला तिकडे ‘शेअर’ असें सुटसुटीत नांव आहे. नांव सुटसुटीत असलें तरी गोष्ट तितकी सुटसुटीत नाहीं.

प्रश्नाचा उघड भाग रपेटीचा. सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यांत असतो; पुढें तो वर येऊं लागतो आणि पडल्यास त्याला मार बसण्याचा संभव वाढतो. त्यांतच शरीराचा तोल बदलतो व सांधे सैल होतात. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा घोडेस्वारीची गणना पडण्याचा धोका असलेल्या व्यायामांत करते आणि सावधगिरीचा इशारा देते. कांहीं स्त्रिया बातमी कळल्याच दिवशीं खोगिरावरून उतरतात, कांहीं आणखी कांहीं महिने बसतात. तो निर्णय त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा.

पण खोगिरावरून उतरलें म्हणजे धोका संपला असें नव्हे, आणि येथेंच अनेकींची फसगत होते. ५०० किलो वजनाचें जनावर दोरानें धरून नेतांना तें एकाएकीं बुजलें तर धरणारीचा हात आणि तोल दोन्ही जातात. खूर साफ करावयाचे तर ओणवें व्हावें लागतें. गवताचा लहानसा गठ्ठाही २० किलोंच्या आसपास भरतो. शिवाय कांहीं धोके डोळ्यांना दिसत नाहींत. घोडीचा माज आवरण्यासाठीं ‘अल्ट्रेनोजेस्ट’ नांवाचें एक तेलकट औषध चंदींत घालून देतात. तें संप्रेरकाच्या जातीचें असून कातडींतून शरीरांत शिरतें. म्हणून गर्भवतीनें तें हाताळूं नये अशी सूचना औषधाबरोबरच दिलेली असते. त्याच शेतावर मेंढ्या असतील तर त्या विण्याच्या हंगामांत गर्भवतीनें त्यांच्या जवळपास जातां कामा नये, कारण मेंढीच्या वारेंतून पसरणारे कांहीं जंतू मनुष्यस्त्रीचाही गर्भ पाडूं शकतात. तबेल्यांतल्या मांजराची घाण उचलणें हेंही याच कारणानें दुसऱ्याचें काम होतें.

घोड्याला मात्र यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्याचें जठर देहाच्या मानानें लहान आणि त्यांत आम्ल अखंड पाझरत असतें. म्हणून त्याला थोडथोडें पण सतत खावें लागतें. मध्यम बांध्याच्या घोड्याला दिवसाकाठीं ८ ते १० किलो वैरण व २५ ते ५० लिटर पाणी लागतें. दर ६ ते ८ आठवड्यांनीं नालबंद आला पाहिजे. रोजची लीद रोजच निघाली पाहिजे. नाल काढून त्याला वर्षभर कुरणांत मोकळा सोडावा, हा उपाय ऐकावयास सोपा वाटतो, आणि एखाद्या वयस्क, शांत घोड्याला तो मानवतोही. परंतु वसंतांतलें कोवळें गवत भरपूर खाऊन आणि हालचाल कमी होऊन घोडा फुगला कीं त्याच्या खुरांच्या आंतील नाजूक पडद्यांना दाह होतो. मग त्याला पाऊल टेकवत नाहीं, आणि हें दुखणें कित्येकदां प्राणावर बेततें. शिवाय वर्षभर बसून राहिलेला घोडा आणि नुकतीच बाळंतपणांतून उठलेली स्वार, अशी दोन हललेलीं शरीरें एकाच दिवशीं पुन्हां एकत्र येणें कोणाच्याच हिताचें नाहीं. सारें काम पगारी माणसांवर सोंपविण्याचीही सोय असते, पण तिचा खर्च नेमका पाळण्याच्या खर्चाबरोबर येऊन उभा राहतो.

म्हणून वांटेकरीण. ही कोण? जिला घोड्याचा नाद आहे पण घोडा परवडत नाहीं, अशी कोणी विद्यार्थिनी, किंवा मुलें मोठीं झाल्यावर पुन्हां रिकिबींत पाय घालूं पाहणारी गृहिणी. आठवड्यांतून दोन किंवा तीन ठरलेले दिवस घोडा तिचा. त्या दिवशीं लीद तिनें काढावयाची, दाणा-वैरण तिनें पाहावयाची आणि रपेटही तिनें मारावयाची. आपल्याकडील श्रोत्याला चमत्कारिक वाटेल, पण पुष्कळदां पैसेही तीच देते. काम करून वर पैसे मोजणारी ही बाई मोतद्दाराच्या जागीं आलेली नसते, हें मालकिणीनें पहिल्या दिवसापासून लक्षांत ठेवावें लागतें. मालकिणीची प्रकृति जसजशी जड होते तसतसे वांटेकरणीचे दिवस वाढतात. तेव्हां तिनें द्यावयाचे पैसे कमी होणें किंवा अजिबात बंद होणें न्यायाचें.

तिचा शोध सातव्या महिन्यांत सुरू करणें म्हणजे फार उशीर. चौथ्या महिन्यांत ती सांपडली तर मालकीण स्वतः उभी राहून घोड्याच्या खोडी दाखवूं शकते. कुरणांतून घोडा धरून आणण्यापासून तो खोगीर उतरून त्याला परत सोडीपर्यंत नव्या बाईचें सगळें वागणें एकदां डोळ्यांखालून घालावें. रपेट हा त्यांतला लहान भाग. पूर्वींचा घोडा तिनें कां सोडला, हें विचारण्यांत संकोच नसावा. उलट मालकिणीनेंही घोड्याचे दोष झांकूं नयेत. ट्रॅक्टर दिसला कीं तो मागच्या पायांवर उभा राहतो, हें न सांगणें म्हणजे एका अनोळखी मुलीच्या हाडांशीं खेळ आहे. उमेदवारीचा एक महिना उभयतांनीं ठेवला म्हणजे कोणालाही मानहानीशिवाय माघार घेतां येते.

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण मराठींत झाली ती घोड्यासाठीं नव्हे. पण वांटून घेतलेल्या घोड्याला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला. पाणी तिनें भरलें असेल असें हिला वाटतें, हिनें भरलें असेल असें तिला. तिसऱ्या दिवशीं पायाला आलेली सूज दोघींनींही पाहिलेली असते आणि दोघींनींही दुसरी पशुवैद्याला सांगेल म्हणून सोडून दिलेली असते. उलटा प्रकारही घडतो: दोघीही चंदी घालतात आणि घोडा दुप्पट खातो. म्हणून शहाणीं माणसें तबेल्याच्या दारावर एक वही टांगतात. काय घातलें, किती खाल्लें, लीद कशी होती, पाय कसे होते, एवढें वेळेसह लिहावयाचें आणि खालीं नांव. टेलिफोनवरच्या निरोपांपेक्षां ही वही बरी, कारण तिसऱ्या कोणा माणसालाही ती वाचतां येते.

करार लेखी हवा, मैत्रिणी असल्या तरी. मैत्रिणी असल्यास अधिकच. १९४७ मध्यें स्थापन झालेल्या ब्रिटिश हॉर्स सोसायटीसारख्या संस्थांकडून अशा कराराचे नमुने मिळतात. कायद्याची बाजू वाटते त्याहून कडक आहे. २००६ च्या प्राणिकल्याणाच्या कायद्याप्रमाणें काम कोणीही करो, मालक हा जनावराबद्दल सदैव जबाबदारच असतो. १९७१ च्या कायद्यानें जनावराचा ‘रक्षक’ म्हणजे त्याचा मालक, आणि तें ज्याच्या ताब्यांत असेल तोही; ताबा १६ वर्षांखालील मुलाचा असल्यास त्याच्या घरांतला कर्ता माणूस. ही जबाबदारी कोठवर पोंचते हें २००३ सालीं दिसून आलें. रात्रीं कशानें तरी बिथरून कुरणांतून निसटलेल्या घोड्यांपैकीं एकावर मोटार आदळली व चालक जबर जखमी झाला. मालकांचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नव्हता. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सनें तीन विरुद्ध दोन मतांनीं त्यांना भरपाईस जबाबदार धरलें. तेव्हां तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा वांटेकरणीलाही लागू आहे ना, हें ती रिकिबींत पाय ठेवण्याआधीं विमा कंपनीकडून लेखी मागवून घ्यावयास हवें.

परंतु करारांतलें सर्वांत महत्त्वाचें कलम रोजच्या कामाचें नसून एका रात्रीचें असतें. मालकीण प्रसूतिगृहांत आहे आणि घोडा पुढच्या पायानें जमीन उकरतो आहे, वळून वळून कुशीकडे पाहतो आहे, घामानें निथळून लोळतो आहे. हा पोटशूळ. घोड्याला ओकारी करतां येत नाहीं; आंतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेवांचून तो जगत नाहीं, आणि तिला उशीर चालत नाहीं. खर्च कित्येक हजार पौंडांचा, पुढें कित्येक आठवड्यांची शुश्रूषा, आणि एवढें करून यशाची खात्री नाहीं. दुसरा मार्ग त्याला शांतपणें मरण देण्याचा. पशुवैद्य विचारतो, संमति कोणाची? प्रसववेदना सोसणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारवत नाहीं. तिच्या पतीनें घोड्याला कदाचित् कधीं हातही लावलेला नसतो. आणि दुसऱ्याच्या घोड्याला मारा असें वांटेकरणीनें कोणत्या तोंडानें म्हणावें? अशा वेळीं कोणीच कांहीं न बोलल्यामुळें घोडा तासन् तास तळमळत राहतो. म्हणून हा निर्णय मालकिणीनें आधीं, शांत चित्तानें घ्यावयाचा असतो: या वयाच्या घोड्यावर शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं, किती खर्चापर्यंत, आपण सांपडलों नाहीं तर कोणाचा शब्द अखेरचा. हें सारें एका कागदावर लिहून त्याची एक प्रत पशुवैद्याकडे, एक वांटेकरणीजवळ आणि एक तबेल्याच्या मालकाकडे ठेवतात. विम्याचा क्रमांकही त्यावर असतो. असा कागद लिहितांना डोळ्यांत पाणी येतें हें खरें, पण तो पांचव्या महिन्यांत लिहिणें प्रसूतीच्या रात्रीं लिहिण्यापेक्षां सोपें जातें.

प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनीं डॉक्टरांची तपासणी होते. तिच्यापूर्वीं घोड्यावर बसण्याचा विचार करूं नये. पोट फाडून प्रसूति झाली असेल तर त्याहूनही अधिक थांबावें लागतें. आरंभ खराऱ्यानें आणि दोर धरून चार पावलें फिरविण्यानें होतो. त्या काळांत वांटेकरीणच घोड्याला कसत राहते, म्हणून कराराची मुदत बाळाच्या जन्मतारखेला न संपवितां पुढें सहा महिने तरी न्यावी, आणि सोडून जावयाचें तर दोघींपैकीं कोणीही एक महिना आधीं सांगावें. या परतीच्या दिवसांत थोडी रुसारुशी होतेच. घोडा आतां दुसऱ्या हाताला सरावलेला असतो, आणि आपल्या हांकेला तो पूर्वींसारखा धांवत येत नाहीं हें मालकिणीला झोंबतें. पुष्कळ ठिकाणीं वांटणी त्यानंतरही चालूच राहते, कारण तान्ह्या मुलाच्या आईला रोजच्या दोन खेपा कोठून जमणार? मग दिवस नव्यानें वांटून घेतात आणि जुन्या कागदाला एक ओळ जोडतात: बाळगाडी तबेल्याच्या दाराबाहेर, घोड्याच्या लाथेच्या टप्प्यापलीकडे ठेवावी.