'सीए-१२५' वाढला म्हणजे कॅन्सरच का? रिपोर्ट बघून घाबरण्याआधी हे वाचा

धाराशिव : पोट फुगतंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात जाते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'सीए-१२५' समोरचा आकडा ठळक अक्षरात येतो. मुलगा मोबाईलवर शोधतो, 'कॅन्सर' हा शब्द दिसतो आणि घरात रडारड सुरू होते. पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

१२५ हा आकडा आला कुठून?

अमेरिकेतील बोस्टन इथले शास्त्रज्ञ रॉबर्ट बास्ट १९८० च्या सुमारास अंडाशयाच्या कॅन्सरवर काम करत होते. त्यांनी या कॅन्सरच्या पेशी उंदरांना टोचल्या. उंदरांच्या शरीरात त्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. कोरोनात आपण ऐकलेल्या त्याच अँटिबॉडी, म्हणजे परकी वस्तू ओळखून तिला चिकटणारी प्रथिनं. फक्त कॅन्सरच्या पेशीला चिकटेल अशी अँटिबॉडी ते शोधत होते. एकामागून एक तपासताना १२५ वी कामाची निघाली. तेच नाव पडलं. १९८३ मध्ये तिच्यावरून रक्ताची तपासणी तयार झाली.

ही अँटिबॉडी पकडते काय?

ती पकडते एक ग्लायकोप्रोटीन. म्हणजे असं प्रथिन, ज्याला साखरेच्या साखळ्या तुऱ्यासारख्या चिकटलेल्या असतात. ही चहातली साखर नव्हे आणि मधुमेहाशीही तिचा संबंध नाही. पोटाच्या आतलं अस्तर, गर्भाशय, डोळे यांचा पृष्ठभाग ओला आणि सुरक्षित ठेवणं हे या प्रथिनाचं काम. म्हणजे ते निरोगी बाईच्या शरीरातही असतंच. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते जास्त तयार होतं आणि तुटून रक्तात उतरतं.

खरी गोम इथंच आहे. पाळी चालू असताना, गरोदरपणात, पिशवीत गाठी असतील तर, लिव्हरच्या आजारात, इतकंच काय पोटाच्या टीबीतही हा आकडा वाढतो. साधारण ३५ पर्यंत नॉर्मल धरतात. पण ३५ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर, असं नाही. आणि कॅन्सर सुरुवातीला असताना आकडा नॉर्मलही येऊ शकतो.

मग तपासणी कशासाठी?

कॅन्सर झालेल्या बाईला औषध लागू पडतंय का, आजार परत येतोय का, हे बघायला ती फार उपयोगी आहे. सोनोग्राफीसोबत डॉक्टरांना निदानातही मदत होते. पण काहीच त्रास नसलेल्या बाईनं 'कॅन्सर पॅकेज' म्हणून ती करून उपयोग नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त महिलांच्या अभ्यासात ही तपासणी आणि सोनोग्राफी वापरून पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला : मृत्यू कमी झाले नाहीत.

आपल्या जिल्ह्यानं जगाला दाखवलेली तपासणी

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावोगावी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिलांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होतं. एका गटातल्या महिलांची एकदाच एचपीव्ही तपासणी केली. आठ वर्षांत त्या सुमारे ३४ हजारांच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. म्हणजे जवळपास निम्मे. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली.

ही तपासणी रक्ताची नाही. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या पेशींचा नमुना घेऊन त्यात एचपीव्ही विषाणू शोधतात. दुखत नाही, काही मिनिटांचं काम असतं.

काय करावं?

सीए-१२५ वाढलेला असेल तर रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोनोग्राफी करून घ्या. पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवीला होणं असं आठवडे-आठवडे चाललं तर अंगावर काढू नका. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर लगेच दाखवा. आणि तिशी ओलांडली असेल, तर त्रास नसतानाही पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी होते ते आशाताईंना विचारा.