मोटर मोबाईलवर, पाणी कुणाच्या हातात?

गैरसमज : शेतात मोबाईल आणि सेन्सर आले की पाणी आपोआप वाचतं.

सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरजेकडे लाइट येताच मोटर सुरू करणारा ‘ऑटो’ बसवण्याची पद्धत जुनी. आता घरबसल्या मोटर चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टरही आले. रात्रीच्या लाइटीला अंधारात मळ्यात जाणं टळलं, हा फायदा मोठाच. पण लाइट आली की मोटर सुरू आणि ती जाईपर्यंत उसात पाणी, असं झालं तर उपसा उलट वाढतो. एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे, त्यामुळे जादा उपशाची झळ बिलात दिसत नाही. ती जमिनीत दिसते. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी कृष्णाकाठची हजारो एकर काळी रानं क्षारपड झाली आहेत. ओलावा मोजणारा सेन्सर ठिबकच्या व्हॉल्व्हला जोडला आणि रान ओलं असताना मोटर बंद राहिली, तरच पाणी वाचतं. अनुदान द्यायचं तर या जोडणीला आणि निचऱ्याच्या पाइपांना द्यावं.

गैरसमज : ऑनलाइन नोंद झाली म्हणजे द्राक्षं निर्धोक.

२००३मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. पुढे २००६मध्ये शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटीचा माग हे सगळं एका साखळीत आलं. तासगावच्या बागायतदाराला परदेशी बाजार टिकवायला याची खरी मदत झाली. तरीही २०१०मध्ये निर्यातीचा माल युरोपात अडकला. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपल्याकडे ‘लिहोसिन’ नावाने ओळखलं जाणारं संजीवक. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच! संगणकाने नेमून दिलेलं काम चोख केलं. यादी करणाऱ्या माणसांकडून एक नाव राहिलं होतं. नंतर ते यादीत घातलं गेलं.

गैरसमज : कागद वाचला की पर्यावरण वाचलं.

डिजिटल सातबाऱ्याने तालुक्याच्या खेपा वाचल्या, हे खरंच. मात्र मोबाईलचं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होतं. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्याच्या चौथाईचीही रीतसर विल्हेवाट नोंदली गेली नाही. चालता फोन आणखी दोन वर्षं वापरणं हा सोपा उपाय आहे.

गैरसमज : कोयना धरणाचा विसर्ग मोबाईलवर दिसतो, म्हणजे सांगलीला पूर कळला.

सांगलीचा पूर एकट्या कोयनेवर ठरत नाही. कोयना कृष्णेला कऱ्हाडला मिळते, वारणा हरिपूरला. शिवाय धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाने अडत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. म्हणून पुराच्या संदेशात क्युसेकच्या आकड्यासोबत आयर्विनला किती फूट पाणी येईल, कधी येईल आणि तेवढ्या फुटांना कुठली गल्ली बुडते, हेही असायला हवं. म्हातारीकोतारी आणि जनावरं कधी हलवायची, हे घरातली माणसं त्यावरून ठरवतात.