गुरुवारची सुट्टी, रविवारचा वर्ग

भोसरीतल्या बऱ्याच लहान कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. ऑनलाइन एमबीए, एमकॉमचे थेट वर्ग भरतात सहसा शनिवार-रविवारी. गेल्या पाच वर्षांत भोसरीपासून चाकणपर्यंत पदव्युत्तर शिक्षण अर्धवट राहिलेले जेवढे जण मला भेटले, त्यांतल्या अनेकांचं घोडं या न जुळणाऱ्या वारांतच अडलं होतं.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना रविवारी अभ्यासकेंद्रावर संमंत्रणाला, म्हणजे मार्गदर्शनाच्या तासांना, जावं लागे. त्यात दगदग होती, पण निघताना ‘पुढच्या रविवारी येतोस ना?’ म्हणणारा कुणी सोबती असे. पुढे टाळेबंदीत मोबाइलवर वर्ग ऐकायची सवय लागली आणि सप्टेंबर २०२० मध्ये यूजीसीने मुक्त व ऑनलाइन शिक्षणाची नवी नियमावली काढली. प्रवेश घरबसल्या होऊ लागला. तो विचारणारा सोबती मात्र हरवला.

पहिलं सत्र उत्साहात निभतं. मग शिफ्ट आडवी येते. एक आठवडा फर्स्ट, पुढचा सेकंड, मग नाइट. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस सकाळी दहाच्या वर्गात जागा कसा राहील? रेकॉर्डिंग असतं, पण ते साचत जातं. मार्चअखेरीला ओव्हरटाइम लागला की महिनाभराचं साचतं. तळेगाव चौकाच्या कोंडीत, कंपनीच्या बसमध्ये व्याख्यान कानावर पडतं. ताळेबंदाचं गणित तिथे सुटत नाही. तीन आठवडे मागे पडलेल्याला कुणी फोन केला नाही, तर तो बहुधा परत येत नाही, असं मी पाहिलंय.

बायकांची अडचण आणखी वेगळी. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेला खोलीत दुसरं कुणी चालत नाही. चिखलीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती खोली आणायची कुठून? एकीने शेजारणीकडे बसून चारही पेपर दिले. शेजारीण तेवढा वेळ तिचं पोर घेऊन जिन्यात बसली.

ज्यांनी पदवी पुरी केली, त्यांच्याजवळ असं कुणी ना कुणी होतं. चाकणच्या एका कारखान्यातल्या चौघांनी मिळून प्रवेश घेतला. नाइटवाल्याच्या नोट्स फर्स्टवाला काढायचा. प्रकल्पाचा विषयही त्यांनी आपल्याच लाइनवरचा निवडला, रिजेक्शन का वाढतंय याचा. आकडे रोज हाताखालून जाणारे, त्यामुळे शेवटच्या सत्रात कुणी रखडलं नाही. कुठल्याही फी-सवलतीपेक्षा मला त्यांच्या सुपरवायझरची मदत मोठी वाटते. परीक्षेच्या पंधरवड्यात त्याने चौघांनाही फर्स्ट शिफ्ट लावून दिली होती.